पार्टीची फाइल सर्व्हरवर उघडण्याआधी: फोटो हाताळणारी सॉफ्टवेअरं आणि मेमरी ओव्हरफ्लो

७ सप्टेंबर २०२३ला ठाण्यात दहीहंडी होती. वागळे इस्टेटमधल्या ज्या फ्लेक्स छापखान्याचा सर्व्हर मी सांभाळते, तिथे दहीहंडीचे बॅनर उतरायच्या आतच गणपतीचे मशीनवर लागले होते. त्याच दिवशी ॲपलनं आयफोनसाठी तातडीचं अपडेट काढलं. बिघडवलेलं चित्र मेसेजमधून पाठवायचं आणि समोरच्यानं बोटही न लावता त्याच्या फोनचा ताबा घ्यायचा, असा प्रकार उघडकीस आला होता. चार दिवसांनी, ११ तारखेला, क्रोमचंही अपडेट आलं. कारण दिलं होतं वेबपी प्रकारच्या चित्रांमधला हीप बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर लिहिलं जाणं. दोषांच्या सार्वजनिक यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२३-४८६३.

मी त्याच आठवड्यात सर्व्हरवर अपडेट चालवलं आणि मालकांना फोन केला, "काका, काम झालंय." २५ तारखेला त्याच दोषाला आणखी एक क्रमांक दिला गेला. तो नंतर दुबार म्हणून रद्द झाला, पण तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की दोष एकट्या क्रोमचा नाही, लिबवेबपी नावाच्या लायब्ररीचा, म्हणजे अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडचा, आहे आणि ती असंख्य ठिकाणी बसलेली आहे. अनंत चतुर्दशी २८ला होती. विसर्जनाचे बॅनर सुटल्यावर रात्री मी पुन्हा बसले आणि शोधत गेले. त्याच लायब्ररीच्या आणखी तीन जुन्या प्रती आमच्याकडे जिवंत निघाल्या. कुणी हल्ला केला नव्हता, काही गेलं नव्हतं. पण दोन आठवडे आम्ही अनोळखी लोकांनी पाठवलेली चित्रं त्याच जुन्या कोडनं उघडत होतो.

अपडेट चालवणं वेगळं आणि जुनी प्रत खरोखर गेलेली असणं वेगळं, हे मला त्या रात्री कळलं. ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहिते आहे. फोटो स्टुडिओ, अल्बमवाले, छापखाना, सोसायटीचं पोर्टल, वधूवर सूचक साइट, जिथे जिथे बाहेरचा माणूस फोटो चढवतो तिथलं काम नव्यानं तुमच्या अंगावर आलं असेल, किंवा महापे-ऐरोलीकडे पहिलीच नोकरी लागून हातात इमेज अपलोडचं मॉड्यूल पडलं असेल, तर या क्रमानं जा.

आधी दोष नीट समजून घ्या

चित्राच्या फाइलच्या सुरुवातीला तिची माहिती असते, तिला हेडर म्हणतात. पीएनजी फाइलचे पहिले १६ बाइट सोडा. १७व्यापासून २०व्यापर्यंतचे चार बाइट म्हणजे रुंदी, त्यापुढचे चार म्हणजे उंची. सॉफ्टवेअर हे आकडे वाचतं, रुंदी गुणिले उंची गुणिले एका पिक्सेलचे बाइट असा हिशोब करतं, तेवढी मेमरी मागून घेतं आणि तिच्यात रंग भरायला लागतं. मात्र हे आकडे फाइल बनवणाऱ्यानं लिहिलेले असतात, आणि तो कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

आता हा हिशोब एकदा कागदावर करून बघा. रुंदी ३२,७६९, उंची ३२,७६८ आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट. खरा गुणाकार येतो ४,२९,५०,९८,३६८. पण ३२ बिटच्या चलात (प्रोग्रॅममधल्या आकडा ठेवायच्या जागेत) मावणारी सगळ्यात मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. त्यापुढे गेलं की आकडा गाडीच्या जुन्या मीटरसारखा शून्यावर येऊन पुन्हा मोजू लागतो. म्हणून उत्तर उरतं १,३१,०७२. चार अब्जांहून जास्त बाइट लागणाऱ्या चित्रासाठी प्रोग्रॅमनं १,३१,०७२ बाइट घेतले. आता चित्राची पहिली ओळ बघा: ३२,७६९ गुणिले ४ म्हणजे १,३१,०७६. पहिल्याच ओळीचे शेवटचे चार बाइट हद्दीबाहेर पडले. अजून ३२,७६७ ओळी यायच्या आहेत.

हद्दीबाहेर काय असतं? दुसऱ्या कामाचा डेटा, कधी पुढे कुठलं फंक्शन चालवायचं त्याचा पत्ता. तिथे वेडंवाकडं काही लिहिलं गेलं तर प्रोग्रॅम कोसळतो. जाणकारानं मोजूनमापून लिहिलं तर त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालू लागतो.

"आमचा सर्व्हर ६४ बिटचा आहे" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. त्यानं काही होत नाही. कोडमधली रुंदी-उंचीची चलं ३२ बिटची असतील तर गुणाकारही ३२ बिटांतच होतो, आणि चुकून बसलेलं उत्तर नंतर ६४ बिटांत ठेवलं जातं.

गुणाकारासारखाच वजाबाकीचाही सापळा असतो. जेपीईजी फाइलमध्ये शेरा लिहायला एक जागा असते. त्या शेऱ्याची लांबी आधीच्या दोन बाइटमध्ये लिहितात आणि त्या लांबीत ते दोन बाइटही धरलेले असतात. म्हणजे खरी लांबी कमीत कमी २. सॉफ्टवेअर त्यातून २ वजा करून उरलेला मजकूर उचलतं. कुणी लांबी ० किंवा १ लिहिली तर उत्तर ऋण येतं, आणि बिनचिन्हाच्या (ऋण आकडे न ठेवणाऱ्या) चलात ऋण उत्तर म्हणजे सुमारे ४२९ कोटी. हा दोष २००० साली नेटस्केप ब्राउझरमध्ये सापडला होता. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जीडीआय प्लस या चित्रं दाखवणाऱ्या लायब्ररीत तोच दोष पुन्हा निघाला. चार वर्षं सगळ्यांना ठाऊक असलेली चूक दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कोडमध्ये तशीच केली होती.

२०२३चा वेबपीचा दोष थोडा निराळा. चित्र उलगडायला लागणाऱ्या हफमन तक्त्यांसाठी (दाबलेल्या बिटांवरून मूळ आकडा शोधायचे तक्ते) जास्तीत जास्त किती जागा लागेल हे आधीच मोजून ठेवलेलं होतं. ती मोजणी बरोबर होती, पण नियमात बसणाऱ्या फाइलींसाठी. नियम मोडलेल्या कोड-लांबी देणाऱ्या फाइलनं ती जागा ओलांडली. लिबवेबपीच्या १.३.२ आवृत्तीत ते दुरुस्त झालं.

हाताशी काय असावं

- सर्व्हरवर प्रशासकाचा प्रवेश आणि मालकाची लेखी परवानगी. साधा ईमेल चालेल, पण असू द्या.
- होस्टिंगवाल्याशी झालेला करार. सिस्टिमची अपडेटं त्यांच्याकडे की तुमच्याकडे, हे त्यात शोधा.
- गेल्या वर्षभरात आलेल्या सगळ्यात मोठ्या पाच खऱ्या फाइली. चौथ्या पायरीला त्यांच्यावाचून अडेल.
- हेक्स एडिटर (फाइलमधले बाइट दाखवणारं साधन), सी प्रोग्रॅम बांधणारा जीसीसी किंवा क्लँग कंपायलर आणि जोखमीचं काही नसलेलं एक वेगळं मशीन. जुना लॅपटॉप चालतो.
- एक वही. गंभीरपणे सांगते, वही ठेवा.

१. फाइल कुठून कुठे जाते ते कागदावर काढा

आमचा कागद असा निघाला: पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, साइटवर फाइल चढवते. सर्व्हर तिची छोटी प्रत काढतो, तीच डिझायनरला दिसते. डिझायनर मूळ फाइल उतरवून घेऊन कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. तयार टिफ फाइल रिपच्या, म्हणजे छपाईसाठी चित्र तयार करणाऱ्या, मशीनवर जाते. शिवाय निम्म्या पार्ट्या साइटवर जातच नाहीत, व्हॉट्सॲपवर पाठवतात, आणि ती फाइल काउंटरच्या संगणकावर उघडते.

म्हणजे एकच चित्र पाच ठिकाणी, पाच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांनी उघडलं जातं. मी आधी फक्त सर्व्हरचा विचार करत होते. तुमचा कागद काढताना काउंटरवर बसणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. कुठून काय येतं हे त्यालाच नीट माहीत असतं.

२. लायब्ररीची प्रत्येक प्रत शोधा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाचीही. चित्र उलगडणाऱ्या लायब्ररी थोड्याच आहेत: लिबजेपीईजी-टर्बो, लिबपीएनजी, लिबटिफ, लिबवेबपी, जिफलिब, ओपनजेपीईजी, लिबहीफ. जवळपास सगळ्या सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या, आणि या भाषा हद्द ओलांडली म्हणून आपणहून थांबवत नाहीत. इमेजमॅजिक, पिलो, शार्प ही चित्रं बदलायच्या साधनांची नावं तुमच्या ओळखीची असतील, पण आतलं काम बहुतांशी वरच्याच मंडळींकडे असतं.

मला सापडलेल्या तीन प्रती सांगते, तुमच्याकडेही बहुधा अशाच जागी असतील.

पहिली पायथनच्या पिलोमध्ये. पिपनं (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) बसवलेलं पिलो स्वतःची लिबवेबपी सोबत घेऊन येतं. सिस्टिमची लायब्ररी कितीही नवी केली तरी पिलो आपलीच वापरतं. त्याची दुरुस्ती १०.०.१ या आवृत्तीत, १५ सप्टेंबरला आली होती. आमच्याकडे जुनंच होतं. बघायचं कसं? पिपची यादी काढा, आणि पायथनच्या साइट-पॅकेजेसमध्ये 'पिलो डॉट लिब्स' फोल्डर उघडून आत काय आहे ते डोळ्यांनी बघा.

दुसरी डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या लायब्ररींसकट बंद पेटीत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनात. पावती छापणारा एक जुना कंटेनर होता. त्यात लोगो बसवण्यासाठी कुणीतरी इमेजमॅजिक घातलेलं. बाहेरच्या सिस्टिमचं अपडेट कंटेनरच्या आत पोहोचत नाही. मूळ इमेज (कंटेनरचा साचा, चित्र नव्हे) नव्यानं ओढून कंटेनर पुन्हा बांधावा लागतो.

तिसरी डिझायनरच्या टेबलावर. चॅटची आणि नोंदी ठेवायची काही डेस्कटॉप ॲप इलेक्ट्रॉन या चौकटीवर बांधलेली असतात, आणि प्रत्येकाच्या पोटात क्रोमियमची (क्रोमच्या मूळ कोडची) स्वतंत्र प्रत असते. ब्राउझर नवा झाला म्हणून ही ॲप नवी होत नाहीत.

प्रत्येक सापडलेली प्रत वहीत लिहा: कुठे आहे, आवृत्ती काय, कोण अपडेट करतं. पुढचा दोष येईल तेव्हा हीच यादी तुमची रात्र वाचवेल.

३. अपडेट करा, आणि चालू असलेलं बंद करून पुन्हा चालू करा

इथे दोन सापळे आहेत.

एक, आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नका. डेबियन आणि उबंटू ही लिनक्सची वितरणं जुनीच आवृत्ती ठेवून तिच्यात फक्त दुरुस्ती घालतात. डेबियन ११मध्ये लिबवेबपी दुरुस्तीनंतरही ०.६.१च दिसते, फरक पॅकेजच्या शेपटीत असतो. ते पाहून घाबरून कुठल्या तरी अनोळखी साइटवरून १.३.२ आणून बसवू नका. वितरणाच्या सुरक्षा पानावर सीव्हीईचा क्रमांक टाका आणि तुमच्या पॅकेजची पूर्ण आवृत्ती ताडून बघा.

दोन, डिस्कवरची फाइल बदलली तरी आधीपासून चालू असलेली प्रक्रिया जुनीच लायब्ररी मेमरीत धरून बसते. आमचा लघुचित्रं काढणारा वर्कर (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) गोपाळकाल्याच्याही आधीपासून अखंड चालू होता. 'एलएसओएफ' या आदेशाच्या यादीत पुसलेल्या फाइली धरून बसलेल्या प्रक्रिया दिसतात. 'नीडरिस्टार्ट' हे साधन तेच सोप्या शब्दांत सांगतं. सीझनमध्ये सर्व्हर बंद करायला कुणी देत नाही हे मला माहीत आहे. सगळा बंद करायची गरज नसते, तेवढा वर्कर पुन्हा चालू केला तरी पुरतं, आणि त्याला दहा सेकंद लागतात.

४. मर्यादा घाला, पण आपल्या खऱ्या कामाचं माप घेऊन

गणपतीच्या आठ दिवस आधी मशीनवरच्या दादांचा फोन आला होता, "ताई, फाइल वर चढत नाहीये, पार्टी समोर उभी आहे." फाइल होती २० बाय १० फुटांच्या बॅनरची, ७२ डीपीआय, म्हणजे दर इंचाला ७२ पिक्सेल. २४० इंच गुणिले ७२ म्हणजे रुंदी १७,२८० पिक्सेल. डेबियनच्या इमेजमॅजिकमध्ये रुंदीची मर्यादा १६,००० असते. फाइल नाकारली जाणारच.

अशा वेळी शोधायला गेलात तर पहिलाच सल्ला मिळतो: पॉलिसी डॉट एक्सएमएल ही इमेजमॅजिकच्या मर्यादांची फाइल पुसून टाका. आमच्याकडे माझ्या आधीच्या माणसानं एका मशीनवर तेच केलं होतं. कृपा करून हे करू नका. त्या फाइलमध्ये रुंदीबरोबर मेमरीची आणि डिस्कची मर्यादा आणि धोकादायक प्रकारांवरची बंदीही असते, सगळं एकदम जातं.

माप असं घ्या. आमचा सगळ्यात मोठा नेहमीचा बॅनर १७,२८० बाय ८,६४०, म्हणजे सुमारे १४ कोटी ९३ लाख पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे उघडल्यावर जवळजवळ ६० कोटी बाइट. याउलट पासपोर्ट फोटो आणि अल्बमसाठी येणारा फोनचा फोटो ५० मेगापिक्सेलचा असला तरी ५ कोटी पिक्सेलांत बसतो. म्हणून दोन दारं केली. फोटोच्या दाराला मर्यादा ६ कोटी. बॅनरच्या दाराला रुंदी १८,००० आणि एकूण १६ कोटी, आणि ते दार फक्त लॉगिन असलेल्या जुन्या पार्ट्यांना. नव्या पार्टीचा मोठा बॅनर काउंटरवर घेतात, माणूस बघून.

तुमच्या साधनांचे मुळातले आकडे माहीत असू द्या. पिलो ८,९४,७८,४८५ पिक्सेलांच्या पुढे नुसता इशारा देतं, त्याच्या दुप्पट झाल्यावर चूक म्हणून थांबतं. म्हणजे आमचा बॅनर इशाऱ्यावर निभावतो, आणि तो इशारा लॉगमध्ये कुणी वाचत नाही. शार्पची मर्यादा २६,८४,०२,६८९ आहे, म्हणजे १६,३८३चा वर्ग. १६,३८३ हीच वेबपीची कमाल बाजूही आहे. ७२ डीपीआयचा वीस फुटी बॅनर वेबपी म्हणून कुणी पाठवला तर ती फाइल सरळच खोटी आहे.

इमेजमॅजिकमध्ये आणखी एक लक्षात ठेवा. मेमरीची मर्यादा संपली की ते थांबत नाही, डिस्कवर लिहायला लागतं. नुसती मेमरीची मर्यादा घातलीत तर डिस्क भरेल. रुंदी, उंची, डिस्क आणि वेळ, चारही घाला. मग 'आयडेंटिफाय' या त्याच्याच आदेशाला पॉलिसीची यादी विचारा आणि तुम्ही लिहिलेलंच तिथे दिसतंय ना ते तपासा. एकाच मशीनवर सहा आणि सात अशा दोन आवृत्त्या असल्या तर त्यांच्या पॉलिसी फाइलीही दोन असतात.

फाइलचा आकार एमबीत मोजून भागत नाही. २०,००० बाय २०,००० ची कोरी पांढरी, एका बिटची पीएनजी दाबल्यावर साधारण ५० हजार बाइट भरते. व्हॉट्सॲपच्या स्टिकरएवढी. तीच चार बाइटच्या पिक्सेलांत उघडली तर १६० कोटी बाइट मागते. म्हणून रंग उलगडण्याआधी हेडरमधली रुंदी-उंची वाचून निर्णय घ्या. पिलोमध्ये 'ओपन' म्हटल्यावर बहुतेक प्रकारांत आधी हेडरच वाचलं जातं. 'लोड'च्या आधी तुमची तपासणी तिथे बसते.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगते: या मर्यादा मापाशी खेळणाऱ्या फाइली अडवतात. वेबपीसारखा तक्त्यांमधला दोष १०० बाय १०० च्या चित्रातही लपू शकतो. म्हणून दुसरी, तिसरी आणि पुढची सहावी पायरी सोडता येत नाही.

५. नको असलेले प्रकार बंद करा

इमेजमॅजिकला २०० हून अधिक प्रकार वाचता येतात. आम्हाला चारच लागतात: जेपीईजी, पीएनजी, टिफ आणि पीडीएफ. बाकी सगळं पॉलिसीत बंद. उघडतच नाही त्या प्रकाराचा दोष तुम्हाला बाधत नाही.

फाइलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय याला किंमत देऊ नका. अनेक सॉफ्टवेअरं नाव सोडून आतले पहिले बाइट बघून प्रकार ठरवतात. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये जो मोठा दोष सापडला, तो ओव्हरफ्लो नव्हता, त्यात चित्रातून थेट आदेश चालवता येत होते, पण युक्ती हीच: आतून एमव्हीजी किंवा एसव्हीजी (चित्र मजकुराच्या सूचनांत लिहिणारे प्रकार), बाहेरून जेपीजी. २०२१ मध्ये आयफोनवर झालेल्या हल्ल्यात जिफ नावाच्या फाइलींच्या आत पीडीएफ होती आणि तिच्यात जेबिग२ प्रकारचं चित्र. स्कॅन केलेली कागदपत्रं दाबून ठेवण्यासाठी केलेला हा जुना प्रकार, त्यातही बेरीज ३२ बिटांबाहेर गेली आणि जागा कमी घेतली गेली. म्हणून तुमचा कोड पहिले बाइट स्वतः तपासेल आणि नाव व आतला मजकूर जुळला नाही तर फाइल परत करेल, असं करा.

पीडीएफ वेगळ्या रांगेत ठेवा. ती उघडायला घोस्टस्क्रिप्ट नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, त्याची अपडेटं वेगळी आणि त्याचे दोषही वेगळे.

६. उघडण्याचं काम वेगळ्या खोलीत

आकाशकंदिलात दिवा ठेवतो तसं हे काम चारही बाजूंनी बंद ठेवा. चित्र उलगडणारी प्रक्रिया वेगळी, तिचा युजर वेगळा, डेटाबेसचा पासवर्ड तिला माहीत नाही, नेटवर्क नाही, लिहायला एकच फोल्डर. सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युनिट फाइलमध्ये मेमरीमॅक्स, प्रायव्हेटनेटवर्क आणि नोन्यूप्रिव्हिलेजेस या तीन ओळींनी पुष्कळ काम होतं. ओव्हरफ्लो झालाच तर आलेला माणूस रिकाम्या खोलीत येईल. आमच्या साइटवर आता डिझायनरला दिसणारी छोटी प्रत या खोलीतून नव्यानं बनून येते.

७. स्वतःच्या मशीनवर दोष एकदा डोळ्यांनी बघा

हे केल्याशिवाय वरचं सगळं पुस्तकी वाटत राहतं. जुन्या लॅपटॉपवर वीस ओळींचा सी प्रोग्रॅम लिहा. ३२ बिटच्या बिनचिन्हाच्या चलांत रुंदी ३२,७६९ आणि उंची ३२,७६८ ठेवा, गुणाकार करून तेवढी मेमरी घ्या, पहिली ओळ बाइटमागून बाइट भरा. साधा चालवलात तर कदाचित काहीच होणार नाही, प्रोग्रॅम मुकाट्यानं संपेल. त्या शांततेनंच मला सगळ्यात जास्त घाबरवलं. आता तोच प्रोग्रॅम ॲड्रेससॅनिटायझर (हद्दीबाहेरचं लिहिणं पकडणारी कंपायलरची सोय) लावून कंपाइल करा. पडदा लाल होईल: हीप-बफर-ओव्हरफ्लो, १,३१,०७२ बाइटच्या जागेला लागून पुढच्याच बाइटवर लिहिलं गेलं, अमुक ओळीवर. मग दुरुस्ती करा: गुणाकाराआधी भागाकार. कमाल मर्यादेला चारनं आणि उंचीनं भागून जे येतं, त्याहून रुंदी जास्त असेल तर तिथेच नकार. उंची शून्य नाही ना, हे त्याआधी बघायला विसरू नका.

यापुढे जायचं असेल तर फझिंग शिका. ते साधन फाइलमधले बाइट बदलत राहतं आणि प्रोग्रॅम कुठे अडखळतो ते बघतं. २०१४ मध्ये एएफएल या फझरच्या कर्त्यानं जेपीईजी वाचणाऱ्या प्रोग्रॅमला फक्त 'हॅलो' लिहिलेली मजकूर फाइल देऊन फझर सोडून दिला होता. काही दिवसांत फझरनं आपलं आपण खऱ्या जेपीईजी फाइली घडवल्या. तुमच्या स्वतःच्या कोडवर एक रात्र एएफएल++ चालवून बघा.

पण हे सगळं स्वतःच्या मशीनवर. दुसऱ्याच्या साइटवर, मग ती ओळखीच्या स्टुडिओची का असेना, बिघडवलेली फाइल "सहज बघायला" चढवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हेतू चांगला होता हे नंतर पटवत बसावं लागतं.

८. काही विपरीत दिसलं तर

वर्कर एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा कोसळतोय, ही पहिली खूण. "फाइल करप्ट असेल" म्हणून ती पुसू नका. वर्कर थांबवा, लॉगची प्रत काढा, वेळ वहीत लिहा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार त्यांच्या यादीतली सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. सहा तास फार लवकर जातात, म्हणून कळवणारा कोण हे आजच ठरवून ठेवा. आमच्याकडे मी आणि काका, दोघांचीही नावं काउंटरमागच्या कागदावर आहेत.

लायब्ररीतच नवा दोष आहे असं वाटलं तर तो चारचौघांत मांडू नका. त्या प्रकल्पाच्या सुरक्षा पत्त्यावर खासगीत कळवा, नाहीतर सर्ट-इनकडे. सोबत आवृत्ती, ॲड्रेससॅनिटायझरचा अहवाल आणि ती फाइल. फाइल पार्टीच्या घरच्या फोटोची असेल तर आधी पार्टीला विचारा.

आणि ती फाइल साठवताना पासवर्ड लावून झिप करा. नुसती फोल्डरमध्ये ठेवलीत तर ते फोल्डर उघडल्याक्षणी फाइल मॅनेजर तिचं लघुचित्र काढायला जातो, क्लिक न करताच, बहुधा त्याच लायब्ररीनं.